वीजघराला वळसा

पहाटे चार वाजता तिचा दिवस सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. नवऱ्याच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घरघरत असायचं, आणि त्या घरघरीत झोपणाऱ्या माणसाला गजर लागत नाही. घरघर चालू तोवर झोप, जरा आवाज बदलला की जाग, हे तिचं अंग आपसूक शिकलं होतं.

उठल्यावर आधी यंत्राच्या बाटलीतलं पाणी बघायचं. मग नळी शेवटापर्यंत बोटांनी चाचपायची, कुठे मुडपली तर नाही ना. मग नवऱ्याच्या पाठीमागे दोन उशा सरळ करायच्या. बसल्या माणसाला उचलून वर सरकवताना हात काखेत घालायचे असतात आणि जोर गुडघ्यातून द्यायचा असतो, पाठीतून नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाठ दोनदा धरली तेव्हा कळलं.

नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं सिमेंटच्या गोण्या वाहिल्या होत्या. तोंडाला फडकं बांधलं तर श्वास पुरत नाही म्हणून फडकंही बांधायचा नाही. आता श्वास तसाही पुरत नव्हता.

"निघालीस?" तो डोळे मिटूनच विचारायचा.

"चहा तरी घेऊ द्या."

"घे. पण दिवा घालव. मला बघायला कोण येणार आहे?"

पाचच्या सुमाराला नणंद यायची. दोन घरं टाकून राहायची, विधवा, तोंडाने फटकळ. आली की खाटेखालचा लहान सिलिंडर पायाने पुढे ओढायची आणि त्याचा पाना हाताशी ठेवायची. गल्लीतली वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. वीज गेली की यंत्र थांबायचं, मग नळी सिलिंडरला जोडायची आणि वीज लवकर यावी म्हणून बसून राहायचं. सिलिंडर फार वेळ पुरायचा नाही. त्याची चावी इतकी घट्ट की पान्याशिवाय फिरायची नाही.

"वहिनी, इन्व्हर्टर कधी घेतेस? माझ्या हातात आता जोर राहिला नाही."

"यंदा घ्यायचाच."

हे "यंदा" बरीच वर्षं चाललं होतं. यंत्र भाड्याचं होतं, भाडं तिच्या पगारातून जायचं, आणि उरलेल्यात दर वर्षी काहीतरी वेगळंच निघायचं. छप्पर निघालं. नवऱ्याचं हॉस्पिटल निघालं. इन्व्हर्टर मागे राहिला. पगार चालू आहे तोवर यंत्र चालू आहे, एवढा हिशेब घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. त्यावर कुणी बोलायचं नाही.

ती विद्यापीठात कामाला होती. लोक तिला टेपबाई म्हणायचे.

लागली होती झाडूकामाला, संगणक विभागात. सर्व्हर रूममध्ये बाहेरचा धुळीचा कण येऊ नये म्हणून तिथे एकच ठरलेली बाई हवी होती. ती चपला बाहेर काढायची, ओलं फडकं घट्ट पिळून मारायची, कुठल्या वायरीला धक्का लावायची नाही. हे त्या वेळच्या जुन्या इंजिनियरसाहेबांनी पाहिलं आणि एक दिवस तिला बोलावून टेपांचं काम दिलं.

काम असं होतं. विद्यापीठाचे निकाल, फिया, पगार, सगळं त्या खोलीतल्या यंत्रांत. रात्री त्याची नक्कल चार टेपांवर उतरायची. पहाटे जाऊन टेपयंत्राचा दिवा बघायचा. हिरवा असला तर बटण दाबून टेपा काढायच्या, पिवळा असला तर हात न लावता ऑपरेटरला सांगायचं. काढलेल्या टेपा लोखंडी पेटीत घालायच्या, पेटी आवाराच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथालयाच्या तळघरात न्यायची, आणि तिथल्या दोन आठवड्यांपूर्वीच्या टेपा परत आणून यंत्रात लावायच्या. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडे नक्कल राहावी, एवढ्यासाठी.

पेटी आगीत टिकणारी होती, म्हणजे भिंती जाड. चार टेपा कागदाच्या गठ्ठ्याएवढ्याही भरत नाहीत, पेटी मात्र रिकामीच जड. डाव्या कमरेवर घेऊन निघायचं, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे घ्यायची. खाली ठेवायची नाही. खाली ठेवली की परत उचलताना जे लागतं ते आधीच्या सगळ्या चालण्याहून जास्त असतं.

आणि सरळ रस्त्याने जायचं नाही. हे जुन्या इंजिनियरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"बाई, टेप म्हणजे लोहचुंबकावर लिहिलेलं असतं. मोठ्या मोटरीजवळून, ट्रान्सफॉर्मरजवळून नेलीत तर पुसली जाईल. वरून काही दिसणार नाही. पण आत काही राहणार नाही."

सरळ रस्त्यावर आवाराचं वीजघर होतं. भिंतीआड ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचे, पाय ठेवला तर जमीन थरथरल्यासारखी वाटायची. तेव्हापासून तिने त्याला वळसा घातला. खेळाच्या मैदानाच्या मागून, वसतिगृहाच्या भिंतीकडेने, चढ चढून. रस्ता दुप्पट व्हायचा. इंजिनियरसाहेब निवृत्त झाले, वारले. वळसा राहिला. रखवालदार तिची चेष्टा करायचा.

"टेपबाई, वीजघरात तुमचं सासर आहे का हो? तोंड चुकवून जाता ते!"

"सासर असतं तर सरळ गेले असते. तिथे निदान कुणी पुसून टाकत नाही."

"टेपबाई नाव आणि बोलणं एवढंसं. लोक बघा, एकदा टेप लावली की थांबत नाहीत."

ती हसायची आणि पुढे जायची. पेटी कमरेवर असताना उभं राहून गप्पा मारणं महागात पडतं.

एकाच गोष्टीची तिला रुखरुख होती. मधे एका पावसाळ्यात वसतिगृहाकडचा रस्ता खणला होता. गटाराचं काम. चढावर गुडघाभर चिखल. दोनदा ती पेटीसकट घसरली, तेव्हा तिने ठरवलं की पेटी पडण्यापेक्षा सरळ गेलेलं बरं. ते काम संपेपर्यंत ती वीजघराच्या भिंतीकडेने गेली, भिंतीपासून होईल तितकी लांब, पेटी पलीकडच्या कमरेवर घेऊन. कुणाला सांगितलं नाही. विचारायला इंजिनियरसाहेब नव्हते, आणि नव्या साहेबांना रस्ता कुठला हेच ठाऊक नव्हतं.

असं सगळं अंगवळणी पडलेलं असताना विद्यापीठाला वाईट वर्ष लागलं. निकालाच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडलं ते दोन दिवस उघडेना. फी भरलेल्यांना न भरल्याचे निरोप गेले. मुलांनी फाटकाशी ठाण मांडलं. वरच्या लोकांनी ठरवलं की संगणक विभागाची बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून घ्यायची: काय चालतं, काय चालत नाही, काय सुधारायचं.

विभागाचं धाबं दणाणलं. वर्षानुवर्षं लोंबणाऱ्या वायरी एका आठवड्यात बांधल्या गेल्या. रिकामे खोके हलले. भिंतीवर आपत्तीच्या वेळी काय करायचं त्याचा तक्ता लागला. त्यावरचे दोन फोन मेलेल्या माणसांचे होते, ते खोडले गेले. ऑपरेटर, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत कारण चष्मा कपाळावर ठेवून तो तोच शोधत फिरायचा, त्याने टेपबाईला सांगितलं, "तुम्ही काही बोलू नका. विचारलं तर म्हणा, रोज होतं."

"रोजच होतं," ती म्हणाली.

"तेच."

तपासणीच्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. साधे बूट, हातात वही नाही, गुडघे दुखणारे. त्या कार्यालयात बसून विचारत नसत. ज्याचं काम असेल त्याच्याबरोबर दिवसभर फिरत. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या सर्व्हर रूमच्या दाराशी बूट काढून उभ्या होत्या.

"ताई, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"चढ आहे."

"हळू येते."

त्या आल्या. टाकीपाशी टेपबाईने पेटी दुसऱ्या कमरेवर घेतली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, तिने मान हलवली. चढावर दोघींना धाप लागली. वरच्या कोपऱ्यावर मॅडम म्हणाल्या, "समोर सरळ रस्ता दिसतोय की."

टेपबाईने वीजघराचं सांगितलं, इंजिनियरसाहेबांच्या शब्दांत.

"बरोबर सांगितलं त्यांनी. आता एवढं धरून बसत नाहीत, पण बरोबर आहे." त्या थोडं चालल्या. "ह्यातली एखादी टेप परत वाचून बघतं का कुणी?"

"ते माझं काम नाही."

"कुणाचं आहे?"

टेपबाई थांबली. पेटी कमरेवर, तरीही थांबली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. पेटी न्यायची तशी कुणीतरी ती उघडतही असेल, असं तिने धरून चाललं होतं.

"परवा एक उघडून बघू," मॅडम म्हणाल्या. "कुठलीही. तुम्हीच आणा."

त्या दिवशी घरी येऊन ती भात पुढे घेऊन नुसतीच बसली.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

तिने खणलेल्या रस्त्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने ऐकून घेतलं. त्याला एक वाक्य दोन श्वासांत बोलावं लागायचं.

"भिंतीपासून... लांब गेलीस ना?"

"रस्ता केवढासा. किती लांब जाणार?"

"मग आधीच सांगून टाक."

नणंद भांडी विसळत होती, तिने तिथूनच आवाज दिला, "अजिबात सांगू नकोस! खापर फोडायला त्यांना डोकंच हवंय एक. आणि ह्या यंत्राचं भाडं मग कोण भरणार? तुझ्या खरेपणावर हा श्वास घेणार आहे का?"

यंत्र घरघरत राहिलं. तिने भात झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मॅडमना सांगितलं. चढावर, धाप लागलेली असताना, मधे न थांबता. त्या पावसाळ्यात टेपा कायमच्या बिघडल्या असतील तर त्या तिच्यामुळे. मॅडमनी फक्त विचारलं, "पेटी बंद होती ना?" आणि "बघू या" म्हणाल्या. बघू या म्हणजे काय, हे कळायला तिला पुढची रात्र काढावी लागली.

ठरल्या दिवशी तिने तळघरातून टेपा आणल्या. सर्व्हर रूममध्ये साहेब, चष्मेवाला, मॅडम. साहेबांनी कधी तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. बूट काढायचे का, ते त्यांनी तिला खुणेने विचारलं. चष्मेवाल्याने टेप लावली, काही तरी टंकलं, आणि टेपयंत्र बोलायला लागलं. आत सूं असा आवाज सुरू झाला, मधेच थबकणारा, पुन्हा सुरू होणारा.

टेपबाईने मान वर केली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि तो तिने फार दिवसांत ऐकला नव्हता.

पडद्यावर ओळी उमटल्या. नावं, बैठक क्रमांक, गुण.

"वाचतीये!" चष्मेवाला ओरडला. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बघा मॅडम. आमच्या बाईंचं काम चोख आहे."

टेपबाईने रॅकच्या कडेला हात टेकला, मग वायरी आहेत हे आठवून काढून घेतला. पुसलं नव्हतं. तिने काही पुसलं नव्हतं.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "ही कुठल्या परीक्षेची आहे?"

चष्मेवाल्याने चष्मा शोधला. तो कपाळावर होता. तो नाकावर आणून त्याने मनातल्या मनात वाचलं.

"मोठ्याने वाचा," मॅडम म्हणाल्या.

त्याने वाचलं. ती मुलं शिकून केव्हाच बाहेर पडली होती. त्यातली काही आता कुठे कुठे शिकवत असतील.

दुसरी टेप लावली. तीही नीट वाचली गेली. तीही जुनी. तिसरी, चौथी. तळघरातून उरलेल्या सगळ्या आणवल्या. टेपबाईच गेली आणायला. सगळ्या टेपा स्वच्छ वाचल्या गेल्या, एकही खराब निघाली नाही, आणि सगळ्यांवर तेच जुने दोन आठवडे. त्यानंतरचं काहीच नाही. एकाही दिवसाचं नाही.

"बाईंनी क्रम चुकवला असणार," साहेब म्हणाले. आवाजात घाई होती. "त्या काही शिकलेल्या नाहीत. टेपांवर लिहिलेले वार वाचता येतात की नाही कोण जाणे."

"वाचता येतात," टेपबाई म्हणाली.

"क्रम चुकला असता तर एखादी तरी नवी निघाली असती," मॅडम म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "ताई, पहाटे टेपा काढताना हाताला गरम लागायच्या का?"

तेव्हा तिला कळलं.

लागायच्या. पूर्वी लागायच्या. थंडीच्या दिवसांत ती टेप पेटीत ठेवण्याआधी दोन्ही तळव्यांत क्षणभर धरायची, एवढी ऊब असायची. मग एका वर्षी रॅकमधली सगळी यंत्रं बदलली. टेपयंत्र तेवढं जुनंच ठेवलं. त्यानंतर टेपा गार निघू लागल्या. तिला वाटलं, नवा एसी जोरकस आहे. तो सूं आवाजही बंद झाला. तिला वाटलं, नवी यंत्रं काम लवकर उरकत असतील. आणि पिवळा दिवा त्यानंतर कधी लागलाच नाही. रोज हिरवा. तिला वाटलं, यंत्रं चांगली आली.

हिरवा दिवा म्हणजे टेपयंत्र तयार आहे, एवढंच. त्याला कुणी काही लिहायला सांगितलंच नव्हतं. यंत्रं बदलणाऱ्या ऑपरेटरने ती जोडणी मागाहून करू म्हणून ठेवली आणि त्याच महिन्यात दुसरी नोकरी धरली. चष्मेवाला नंतर आला. त्याने विचारलं, बॅकअप होतो का? कुणीतरी म्हणालं, होतो की, रोज पहाटे पेटी जाते.

मॅडम हे साहेबांना सांगत होत्या ते ती दाराशी उभी राहून ऐकत होती. "पेटी रोज वेळेवर जात होती. एक दिवस चुकली असती तर कुणीतरी विचारलं असतं. ती चुकलीच नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही."

साहेबांनी मान डोलावली. टेपबाईला मात्र ते एखाद्या गोणीसारखं मानेवर बसलं. तिने खाडा केला असता, आळस केला असता, तर बरं झालं असतं, असा त्याचा अर्थ होत होता. दोनदा ताप अंगात घेऊन ती चढली होती. आईचं निधन झालं त्या दिवशी पेटी पोचवून मग गेली होती.

तपासणी पुढे महिनाभर चालली. अहवाल गेला. मॅडम निघायच्या आदल्या दिवशी पहाटे चढावर आल्या. वरच्या कोपऱ्यावर थांबल्या.

"ताई, तुमच्याबद्दल दोन गोष्टी लिहिल्यात. मीच सांगावं म्हणून आले. एक, यात तुमची चूक नाही. टेपा तुमच्याइतक्या कुणी सांभाळल्या नसत्या."

"आणि दुसरी?"

"हे काम बंद करावं. आता नक्कल वायरीतून जाईल, दुसऱ्या शहरात. दर महिन्याला उघडून बघायची, असं बंधन घातलंय."

"पहिल्या गोष्टीमुळे पगार चालू राहील का?"

मॅडमनी मान हलवली. नाही. "दुसरं काम द्यावं असं मी सुचवलंय. पण सुचवणं एवढंच माझ्या हातात."

टेपबाईने पेटी उजवीकडे घेतली. टाकी तिथे नव्हती, तरी घेतली. "आहे ते खरं लिहिलंत," ती म्हणाली. "लिहायलाच हवं होतं."

"मी तुमच्या जागी असते तर मला राग आला असता."

"राग आलाय," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

घरी सांगितलं तेव्हा नणंदेने सगळ्या विद्यापीठाचा उद्धार केला, साहेबांपासून रखवालदारापर्यंत कुणाला सोडलं नाही. नवरा छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं... शिळंच वाढत होतीस तू."

"हसू नका. खोकला येईल."

आला. तिने पाठीवर हात ठेवला, खोकला संपेपर्यंत. तो सावरल्यावर म्हणाला, "मी वाहिलेल्या गोण्यांच्या... किती इमारती पाडल्या, ठाऊक आहे? वाहिलं ते वाहिलंच. ते कुठे जात नाही."

"तुमच्या गोणीत सिमेंट होतं," ती म्हणाली.

त्याने तिचा हात तेवढा धरून ठेवला.

साहेबांनी तिला झाडूकामाच्या कंत्राटदाराकडे पाठवलं. कंत्राटदाराने तिच्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, कळवतो. कळवलं नाही.

शेवटच्या दिवशी टेपा भंगारात द्यायच्या होत्या. भंगाराची खोली ग्रंथालयाच्या मागेच होती, म्हणून पेटी एकदा न्यावीच लागली. चष्मेवाला म्हणाला, "टेपबाई, मी नेतो ना. तुम्ही बसा." तिने पेटी सोडली नाही.

ती सरळ रस्त्याने गेली. वीजघराच्या भिंतीकडेने, अगदी लगटून. आत ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होते. पायाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली, तशी ती नेहमीच वाटत असणार. रखवालदाराने लांबून पाहिलं, चेष्टा केली नाही. बघता बघता ग्रंथालय समोर आलं. इतकं जवळ होतं. कमर बदलायची वेळसुद्धा आली नाही.

शेवटचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे घेऊन ती दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टरच्या दुकानात गेली. नणंद बरोबर. पुढच्या भाड्याचं काय, हे नणंदेने वाटेत विचारलं. टेपबाई म्हणाली, चार घरची भांडी धरली आहेत. भाडं निघेल. पण एवढी रक्कम हातात परत एकदम येणार नाही.

दुकानदार तोंडाळ होता. "हा घ्या मावशी. हा हिरवा दिवा लागला की निश्चिंत व्हायचं."

"दिवा राहू दे. वीज घालवून दाखवा."

"अहो, दुकानात गिऱ्हाइकं आहेत!"

"मग त्यांनाही दिसेल."

त्याने कुरकुरत प्लग काढून पंखा चालवून दाखवला. पंखा फिरला. ती म्हणाली, "पंखा नको. घरी चला, आमच्या यंत्रावर दाखवा."

बॅटरी घरात आणताना दुकानाचा माणूस उंबऱ्याशी अडला. तिने दुसरी बाजू धरली, गुडघे वाकवले, आणि एका दमात ती भिंतीशी नेली. पेटीच्या मानाने काहीच नव्हतं, किंवा तिला तसं वाटलं. जोडणी झाली. हिरवा दिवा लागला. माणूस जायला निघाला.

"थांब," ती म्हणाली. भिंतीशी गेली आणि प्लग ओढून काढला.

"अगं!" नवरा उठून बसायला धडपडला. "अजून जिवंत आहे मी!"

"म्हणूनच."

यंत्र एकदा उचकी दिल्यासारखं थबकलं. नणंदेने पाना उचलला. मग घरघर पुन्हा सुरू झाली. टेपबाई दिव्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या छातीकडे बघत होती. छाती वर गेली, खाली आली, वर गेली.

"झालं की," नवरा म्हणाला. "लाव परत."

"थांबा."

"कुठवर?"

"बॅटरी संपेपर्यंत."

"वहिनी, डोकं फिरलंय तुझं!"

"फिरू दे. किती वेळ पुरते ते आत्ता कळू दे. नंतर नको."

दुकानाचा माणूस कंटाळून गेला. दुपार उतरली. नणंदेने तिथेच बसून चहा केला, तिघांनी घेतला. उन्हं भिंतीवरून सरकत दारापर्यंत गेली तेव्हा बॅटरी कण्हायला लागली. टेपबाईने आधी नवऱ्याच्या नाकाशी हात नेला, मग उठून प्लग लावला. फार नाही, पण पुरेसा वेळ चालली होती. सिलिंडर तिने खाटेखालून काढला नाही, पाना मात्र नणंदेच्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवला.

तेव्हापासून दर आठवड्याला ती प्लग काढून बघायची. नवरा आधी शिव्या द्यायचा, मग थट्टा करायचा, मग नुसता डोळे मिटून वाट बघायचा.

त्या हिवाळ्यात गल्लीतली वीज पुष्कळदा गेली. यंत्र एकदाही थांबलं नाही. हिवाळा सरता सरता एका दुपारी नवरा गेला, तेव्हाही ते चालूच होतं. तिने छातीवर तळवा ठेवून खात्री केली, नणंदेला हाक मारली, आणि मग स्वतःच्या हाताने ते बंद केलं.

इतक्या वर्षांच्या पगारातून शेवटी यंत्र न थांबलेला एवढा एक हिवाळा हाती आला.